टू बाय थ्री

हॉटेलात मेन्यूकार्ड कोणाच्या हातात जाते यावरून त्या घोळक्यात राज्य कोणाचे ते कळते. आम्ही अकरा जण, वेटरने आणलेली कार्डे चार, आणि चारही कार्डे एकाच माणसापुढे चळत लावून ठेवलेली. वर त्याचा चष्म्याचा डबा, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. तो माणूस म्हणजे आमचा मॉनिटर.

मॉनिटर हे टोपणनाव नव्हे, पद आहे. 1986 साली आम्ही ठाण्यातल्या एका मराठी शाळेतून दहावी पास झालो. आठवी ‘क’पासून दहावी ‘क’पर्यंत वर्गाचा मॉनिटर हाच. बाई स्टाफरूमकडे वळल्या की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची आणि पुन्हा बोललेल्याच्या नावापुढे फुली मारायची, हे त्याचे काम. ते तो इतक्या निष्ठेने करी, की एकदा ‘गप्प बसा रे’ असे स्वतःच मोठ्याने ओरडल्याबद्दल त्याने स्वतःचे नाव लिहून घेतले होते. पुढे आमच्यातले काही साहेब झाले, काही आज्या झाल्या. ह्याला मात्र मॉनिटरपदावरून काढायचे शाळेकडून राहून गेले, ते राहूनच गेले. मधल्या काळात तो एका बँकेच्या ऑडिट विभागात लागला. म्हणजे काम तेच, फक्त फळा बदलला.

वर्षातून एकदा, श्रावणातल्या एखाद्या रविवारी, आम्ही दुपारी जेवायला भेटतो. श्रावणात मांसाहारी मंडळीही मुकाट्याने शाकाहारी असतात, त्यामुळे कुठे जायचे हा अर्धा वाद पंचांगच मिटवते. उरलेला अर्धा मॉनिटर मिटवतो. थाळी नको, कारण थाळीत वाढपी बोलू देत नाही. उडुपी नको, कारण रविवारी तिथे नंबर लावून उभे राहिलेले लोक आपल्या शेवटच्या घासाकडे डोळे लावून असतात. म्हणून चायनीज. गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, शुद्ध शाकाहारी चायनीज. दारावर लाल कंदील, कंदिलाखाली लिंबू-मिरची. गल्ल्यावर पोट सुटलेला हसरा बुद्ध आणि त्याच्या शेजारी पोट सुटलेलाच गणपती. उदबत्ती दोघांत एक. वन बाय टू.

इथला वेटर दार्जिलिंगकडचा. आमच्या वर्गातल्या मुली (वय वर्षे पंचावन्न) दरवर्षी त्याला चिनी समजून तोडून तोडून, सावकाश हिंदी बोलतात आणि तो दरवर्षी ‘पाणी साधं देऊ की बाटली?’ असे विचारून त्यांना गार करतो. मॉनिटर त्याच्याशी फक्त हिंदीत बोलतो. ऑर्डर ही हिंदीतच द्यायची असते, अशी ठाण्या-मुंबईकडच्या मराठी माणसाची श्रद्धा आहे.

“सूप कोण कोण घेणार? हात वर.”

पंचावन्न वर्षांचे नऊ हात वर होतात. एकाला शाळेतल्या सवयीने करंगळी वर करावीशी वाटते, तो ती करतो, मॉनिटर त्याला ‘जाऊन ये’ म्हणतो.

आता ‘वन बाय टू’ सगळ्यांना ठाऊक आहे. एक सूप, दोन वाट्यांत. सांगितले अर्धे-अर्धे तरी प्रत्येक वाटीत अर्ध्याहून चमचाभर जास्तच येते, हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मॉनिटर त्याच्या पुढे गेलेला आहे. त्याचे म्हणणे असे, की अर्ध्या सूपने तोंडही ओले होत नाही आणि पूर्ण सूपने जेवण मरते. माणसाला सूप लागते दोन-तृतीयांश. म्हणून टू बाय थ्री. दोन सूप, तीन वाट्या. नऊ जणांना सहा सूप. हे त्याने मनातल्या मनात केलेले असते, तरी तो ते टिश्यू पेपरवर बॉलपेनने लिहितो. टिश्यू फाटतो. दुसरा घेतो.

खरी अडचण सूप कुठले ही. मंचाववाले सहा निघाले. चार सूपांत बसले. राहिले स्वीट कॉर्न. एक आमचा शेठ. जैन आहे, शाळेत असल्यापासून शेठ. दुसरी एक मैत्रीण, चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेली. दोघांच्या टू बाय थ्रीला तिसरा मिळेना. टेबलावर शांतता पसरली. मॉनिटरने एकदा सगळ्यांकडे पाहिले, मंचावच्या यादीतून स्वतःचे नाव खोडून स्वीट कॉर्नमध्ये घातले आणि मंचावच्या रिकाम्या जागेसाठी नुकत्याच करंगळी दाखवून गेलेल्याचे नाव लिहिले. मॉनिटरला मंचाव किती आवडते, वरून घालायचे तळलेले नूडल्स तो आधीच कसे खात बसतो, हे आम्हांला ठाऊक आहे. पण हिशेब जुळला की त्याला स्वतःचे पोट आठवत नाही.

सूप न घेणाऱ्या दोघांतली एक म्हणाली, “मला नको हं, मी तुमच्यातलंच चमचाभर घेईन.” मॉनिटरने तिचे नाव टिश्यूवर लिहून खाली रेघ ओढली. दुसऱ्याला चायनीजने डोके दुखते. तो दरवर्षी येतो, दरवर्षी वेटरला ‘अजिनोमोटो मत डालना’ सांगतो आणि दरवर्षी घरी जाऊन गोळी घेतो.

“टोमॅटो खातोस ना?” मॉनिटरने विचारले.

“खातो की.”

“त्यात तेच असतं. ग्लूटामेट. निसर्गतः.”

“मग आता टोमॅटोनेही दुखणार,” तो हताशपणे म्हणाला. वास्तविक ही पूड 1908 साली एका जपानी रसायनशास्त्रज्ञाने, किकुनाए इकेदाने, समुद्रशेवाळाच्या रश्शाला एवढी चव कशाने येते हे शोधताना काढली. शोध जपानचा आणि डोकेदुखीचे बिल चिनी स्वयंपाकाच्या नावावर. आमच्या मित्राला त्याचे काही नाही. त्याला त्याची डोकेदुखी प्रिय आहे.

मग स्टार्टर. इथे मॉनिटरमधला ऑडिटर जागा होतो. “भैया, मंचुरियन एक प्लेट में कितने पीस?” आठ. “दस का नहीं होता?” नाही. “रंग कौनसा डालते हो?” हा प्रश्न 2024 पासून नव्याने दाखल झाला आहे. त्या वर्षी कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, तेव्हापासून मॉनिटर ठाण्यातही कर्नाटकाचे नियम लावून पाहतो. वेटर म्हणाला, “साहेब, तिखटाचा आणि सॉसचाच आहे,” आणि ते त्याने मराठीत म्हटल्यामुळे मॉनिटरचा विश्वास बसला.

दोन प्लेट, सोळा गोळे. शेठ आणि चातुर्मास वजा जाता खाणारे नऊ. प्रत्येकी एक वाटला की उरतात सात. म्हणजे सात जणांना दुसरा मिळणार, दोघांना नाही. कोणाला नाही? मॉनिटरने क्षणभरही विचार केला नाही. ज्या दोघांनी आपले कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट कौतुकाने ग्रुपवर टाकले होते, ते बाद. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर कोणी रिपोर्ट टाकत नाही.

गोळे आले. टेबल गोल, त्यावर फिरणारी काचेची चकती. अशी चकती म्हणजे लोकशाहीच. ज्याला जे हवे ते त्याने आपल्याकडे फिरवून घ्यावे. आमच्याकडे चकतीच्या कडेवर मॉनिटरचा पंजा असतो. गोळा उचलला जातो, पंजा ढिला होतो, चकती एक घर पुढे सरकते आणि पुन्हा ब्रेक. पूर्वी फळ्यापाशी उभा राहून तो वर्गाकडे जसा बघायचा, तसाच आता चकतीकडे बघतो. बांगड्याने एकदा चुकीच्या फेरीत हात घातला. मॉनिटर काही बोलला नाही. बॉलपेनचे टोपण काढल्याचा आवाज तेवढा आला.

बांगडा हा मालवणकडचा. श्रावणाचा महिना तो सुतकासारखा पाळतो. समोर शेजवान सॉसची वाटी आली की त्याचे दरवर्षीचे भाषण सुरू होते. सेचवान हा चीनचा प्रांत. तिथल्या जेवणाचा प्राण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारा एक दाणा. आणि तो दाणा आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. हे खरे आहे. दोन्ही झाडांचे कुळ आणि गोत्र एकच. पण आपल्याकडच्या शेजवान सॉसमध्ये तो दाणा औषधालाही नसतो. असते ती लाल मिरची आणि लसूण. “म्हणजे बघ,” बांगडा म्हणतो, “खरं शेजवान जर कुठे असेल तर ते आमच्या बांगड्याच्या तिखल्यात.” एवढे बोलून त्याचा कंठ दाटून येतो. गोकुळाष्टमी व्हायची असते, गणपती जायचे असतात, आणि मॉनिटर त्याच्या ताटात कोबीचा गोळा ठेवून चकती पुढे सरकवतो.

यंदा घोळक्यात सिंगापूर होता. म्हणजे वर्गमित्रच, पण बावीस वर्षे तिकडे राहून आल्यामुळे गावाचेच नाव पडलेला. परदेशातून आलेल्याने पहिल्या दहा मिनिटांत जे वाक्य बोलायचे असते ते तो बोलला. “हे काही खरं चायनीज नाही.”

“नाहीच,” मॉनिटर म्हणाला. “खरं हवं असतं तर चीनला गेलो असतो. तिथे वन बाय टू देतात?”

सिंगापूर निरुत्तर झाला. तसे पाहिले तर मंचुरियन मूळचा चर्चगेटचा. नेल्सन वांग नावाचा, कोलकात्यात जन्मलेला चिनी वंशाचा स्वयंपाकी 1975 साली तिथल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत होता. काहीतरी नवे दे, असे गिऱ्हाइकाने म्हटल्यावर त्याने आले, लसूण, हिरवी मिरची अशी आपली नेहमीची फोडणी केली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला आणि कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळलेले चिकन त्यात सोडले. पुढे चिकनच्या जागी कोबी-गाजर कधी आले ते कोणी नोंदवून ठेवले नाही, पण ज्याने आणले तो आपल्यातलाच असणार. कॅनडात स्थायिक झालेल्या नातवाचे नाव कुणी दत्तात्रेय ठेवावे, त्याच्या नेमके उलटे ह्या पदार्थाचे झाले आहे. नाव मांचुरियाचे, स्वभाव आपला.

पण सिंगापूरने नंतर जे सांगितले त्याने टेबल गप्प झाले. तिकडे वॉटरलू स्ट्रीटवर क्वान इम देवीचे मोठे मंदिर आहे. आसपास चिनी लोकांच्याच शाकाहारी खानावळी. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, कारण एरवी सगळे खाणारे कितीतरी बौद्ध त्या दिवशी शाकाहार पाळतात. आणि त्या जेवणात कांदा नाही, लसूण नाही. शास्त्रात पाच उग्र पदार्थ वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत काही ठिकाणी आपला हिंगसुद्धा धरतात.

शेठने हातातला काटा खाली ठेवला. “म्हणजे ते जैन?”

“बौद्ध रे.”

“पण तिथी पाळतात?” चातुर्मासवाली म्हणाली. “आणि कांदा-लसूण नाही?”

“नाही.”

ती आणि शेठ एकमेकांकडे बघत राहिले. इतकी वर्षे हा वर्ग त्यांना चायनीजमध्ये अडचण समजत आला होता, आणि आता कळत होते की टेबलावर खरे चिनी जेवणारे ते दोघेच. शेठच्या पुढ्यात जैन नूडल्स होत्या. त्यांत कोबी होता, ढोबळी मिरची होती आणि बाकी सगळी श्रद्धा. त्या त्याने त्या दिवशी मान ताठ करून संपवल्या. मॉनिटरने ‘जैन नूडल्स’ खोडून त्यावर ‘अस्सल’ असे लिहिले. एवढा विनोद त्याने वर्षभरात केला असेल तर शपथ.

मुख्य जेवणात त्याची भिस्त ट्रिपल शेजवान राइसवर असते. भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एका दरात. ह्या पदार्थाचा शोध कोणी लावला असेल तर तो मॉनिटरच असणार, मांचुरियाचा नसला तरी ठाण्याचा. दोन ट्रिपल, दोन हाक्का, एक फ्राइड राइस, हॉट गार्लिक सॉसमधल्या भाज्या, एक पनीर चिली. कॉलेजपासून अमेरिकन चॉप्सीशिवाय काहीही न खाल्लेली एक जण आहे, तिची एक चॉप्सी. कोणी ‘अजून एक नूडल्स मागवू या का?’ म्हणाले, की मॉनिटरचे एकच वाक्य: “आधी हे संपवा.” हे वाक्य त्याच्या आईचे असावे, आपल्या सगळ्यांच्याच आईचे.

त्याच्या पाठीमागे आम्ही त्याला हसतो. हसावेच असा माणूस आहे. पण 2023 साली त्याच्या मुलीचे बाळंतपण होते, तो बेंगळुरूला गेला होता. वाटले, यंदा मोकळेपणाने जेवू. चार कार्डे सगळ्यांत फिरली. ज्याला जे हवे ते त्याने सांगितले. सूप आले माणशी एक, पूर्ण. मंचाव पिऊन होईस्तोवर निम्म्यांची भूक गेली. मग भात आले सात, सातही वेगळ्या नावांचे आणि सातही एकाच रंगाचे. नूडल्स कोणी सांगितल्याच नव्हत्या, कारण प्रत्येकाला वाटले दुसऱ्याने सांगितल्या असतील. पनीर चिली दोनदा आली. शेठच्या पुढ्यात लसूण आले आणि तो उपाशी उठला. चकती भरधाव फिरत होती. शेवटी सगळ्यांनी बडीशेप खात, पाच जणांना पुरेल एवढा भात पार्सल करून घेतला आणि तो कोणी न्यायचा यावर जिन्यात उभे राहून भांडलो. रात्री मॉनिटरचा बेंगळुरूहून मेसेज आला. नात झाल्याचा नव्हे, तो दुपारीच आला होता. “सूप किती सांगितलंत?” कोणीच उत्तर दिले नाही.

यंदा मात्र ताटे चाटूनपुसून झाली होती. भांड्यांत हॉट गार्लिकचा एक ब्रोकोलीचा तुरा उरला होता. तो कोणाचा हे मॉनिटरला ठाऊक होते आणि ज्याचा होता त्याला तो खावा लागला. चमचाभर सूपवालीने तोवर पाच जणांकडून पाच चमचे घेऊन अख्खी वाटी केली होती. टिश्यूवर तिच्या नावापुढे पाच फुल्या होत्या.

“भैया,” मॉनिटर टिश्यूकडे बघत म्हणाला, “एक फ्रेश लाइम सोडा.”

आम्ही चकित झालो. हा माणूस हॉटेलात लिंबू विकत घेत नाही. आमच्याकडे न बघता त्याने बिल मागवले. खाण्याचे झाले होते 3,870. सोडा 90. एकूण 3,960. त्यावर पाच टक्के जीएसटी, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा, 99 आणि 99. सगळे मिळून 4,158. भागिले अकरा, 378. बाकी शून्य. सोडा त्याला तहान लागली म्हणून मागवलेला नव्हता, भागाकारासाठी मागवला होता.

बिल तो दोनदा तपासतो. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, याबद्दलचा 2022 सालचा सरकारी आदेश त्याच्या मोबाइलमध्ये तयार असतो. तो काढायला त्याने चष्मा चढवला. सर्व्हिस चार्ज लावलेलाच नव्हता. त्याचा चेहरा जरासा पडला. वेटरसाठी मात्र त्याने खिशातून वेगळे पैसे काढून, बडीशेपेच्या ताटलीखाली, कोणाला दिसणार नाही असे सरकवले. मला दिसले. ते हिशेबात नव्हते.

सोडा आला. अकरा जण त्याच्याकडे बघत होते. मॉनिटरने तो डोकेदुखीवाल्याकडे सरकवला. “पी. यात अजिनोमोटो नाही.”

पैसे त्याने भरले आणि आम्ही प्रत्येकी 378 त्याला मोबाइलवरून पाठवायचे होते. जिन्यात रेंज नव्हती, मागून ढकलाढकली चालली होती; मी घाईत 370 पाठवले. संध्याकाळी ग्रुपवर यादी आली. ‘पूर्ण’ खाली नऊ नावे. ‘अपूर्ण’ खाली माझे, पुढे ‘रु. 8’ आणि एक फुली.

दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला तीच यादी पुन्हा आली. फुल्या दोन.

गणपती गेले, दिवाळी झाली, सिंगापूर परत सिंगापूरला गेला. दर एक तारखेला न चुकता यादी येते आणि तिच्याखाली, एरवी महिनोन्‌महिने गप्प असलेला ग्रुप बोलू लागतो. शेठ हसऱ्या बुद्धाचे चित्र टाकतो, बांगडा ‘लाज वाटू दे’ म्हणतो, मुली शाळेतले जुने किस्से काढतात, आणि मॉनिटर सगळ्यांना ‘गप्प बसा’ म्हणतो. काल आठवी फुली पडली. ते आठ रुपये मी अजून पाठवलेले नाहीत.